चोविसावा दगड

पोपटराव भुजबळांनी जन्मात एकही काम तडीस नेलं नाही, असं त्यांची बायको सविता म्हणायची. आता बायको म्हणते म्हणून कुणी लगेच मान डोलवू नये. पण तळेगाव ढमढेऱ्यात जाऊन त्यांचं घर बघितलं की मान आपोआप डोलते. परसात पाण्याची टाकी आहे, तिला तीन भिंती आहेत. चौथी पुढच्या हंगामात बांधायची होती, त्याला सोळा वर्षं झाली. आता टाकीत कोंबड्या राहतात. गच्चीचा जिना गच्चीच्या दोन पायऱ्या अलीकडं थांबतो, आणि उरलेलं अंतर सविता कुरडयांचं ताट डोक्यावर घेऊन तंगडी टाकून पार करते. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स पोपटरावांनी दीड वर्ष केला. पेटी शिकायला घेतली ती सा रे ग म प पाशी थांबली, वरचे सूर घरानं अजून ऐकलेले नाहीत. माणूस आळशी म्हणाल तर अजिबात नाही. पहाटे पाचला झेंडूच्या वावरात हजर असायचा. फक्त कुठल्याही कामाचा शेवट जवळ आला की त्याला दुसरंच काहीतरी खुणावायचं.

चोपन्नाव्या वर्षी शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जेवणानंतरची साखर निघाली दोनशे शहाऐंशी. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पोपटराव चार दिवस चालले. पाचव्या दिवशी म्हणाले, "नुसतं चालायचं म्हंजी काय? कुठं जायचं ते तरी नको का?"

ही अडचण त्यांच्या लेकीनं सोडवली. अपेक्षा पुण्यात कंपनीत नोकरीला. एका रविवारी आली, तिनं बापाच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं आणि समजावून सांगितलं. जगभरात रिकामटेकडे लोक आहेत, ते कुठंतरी आडबाजूला एक डबा लपवतात आणि त्याचा नेमका ठावठिकाणा ॲपवर टाकतात. दुसऱ्या रिकामटेकड्यांनी तो फोन बघत बघत शोधून काढायचा. सापडला की ॲपवर नोंद करायची. या प्रकाराला जिओकॅशिंग म्हणतात.

"डब्यात काय असतं?" पोपटरावांनी विचारलं.

"काही नसतं पप्पा. एखादं बटण, एखादी गोटी."

"मग शोधायचा कशाला?"

"सापडला की बरं वाटतं म्हणून."

पोपटरावांना हे ताबडतोब पटलं. सविताला आजतागायत पटलेलं नाही.

पहिला डबा भांडगावला निघाला, हायवेच्या कडेला एका ढाब्यामागच्या बाभळीच्या बुंध्यात. पोपटराव तिथं गुडघ्यावर बसून माती उकरत होते, तर पाच मिनिटांत ढाब्यावरची आठ माणसं भोवती गोळा झाली. एकानं हळूच विचारलं, "मामा, हंडा हाय का?" दुसरा म्हणाला, निम्मं आमचं, जागा आमची हाय. शेवटी डबा निघाला आणि त्यात एक तुटकी किल्ली निघाली. लोकांचा विश्वासच बसेना. एक म्हातारा जाताना म्हणाला, "किल्ली सापडली म्हंजी पेटी बी असंलच." त्या बाभळीखाली पुढं पुरुषभर खड्डा झाला, असं पोपटरावांच्या कानावर आलं.

डबे लवकर संपले. पण त्या ॲपवर पुण्याच्या कुणीतरी हौशी माणसानं एक जुनी यादी टाकलेली होती. इंग्रजांच्या काळी मुलूख मोजला तेव्हा मोजणीवाल्यांनी डोंगरमाथ्यांवर दगड रोवले होते आणि त्यांच्या डोक्यावर खूण कोरली होती, एक वर्तुळ आणि मधोमध टिंब. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून असे चोवीस दगड. आता त्यांचं काय झालंय ते जाऊन बघायचं. दगड असेल तर खुणेचा फोटो टाकायचा, मोडला असेल तर तसं लिहायचं. नुसतं 'बघितला' म्हणून चालत नाही, खूण दिसली पाहिजे.

पोपटरावांच्या अंगात आलं. मोटारसायकलला पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं लटकवून ते दर शनिवारी निघायला लागले. काय काय बघितलं त्यांनी! एका टेकडीवर दगडाच्या जागी मोबाईलचा टॉवर होता. एक दगड एका बाईच्या मोरीत सापडला, ती त्यावर गोधड्या आपटत होती. खूण दिसत होती, फक्त साबणाच्या फेसात. एके ठिकाणी दगडाला म्हैस बांधलेली होती आणि ती फोटो काढू देईना. आणि एके ठिकाणी तर फोन म्हणत होता की डोंगर इथंच आहे, आणि समोर होता खडी क्रशर. अख्खा डोंगर रस्त्यांवर पसरून झाला होता. पोपटरावांनी ॲपवर लिहिलं, "दगड मोडला. डोंगरही."

एका गावात मात्र मार खाता खाता वाचले. फोन घेऊन माळावर फिरणारा माणूस म्हणजे रस्त्याच्या मोजणीचा माणूस, असा लोकांचा पक्का समज. चाळीस-पन्नास जण काठ्या घेऊन आले आणि "जमीन देणार न्हाई" म्हणून अंगावर धावले. पोपटराव ऊस तुडवत पळाले. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला, की काही झालं तरी मोजणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

तरीसुद्धा श्रावण संपेपर्यंत तेवीस दगड झाले. आठ शाबूत, पंधरा गेलेले. राहिला एक, निमोण्याच्या पलीकडच्या एका टेकडीवर.

"तेवीस झाले का?" सविता झेंडू निवडता निवडता म्हणाली. "मग बास आता. चोविसावा राहिला तरच तुमच्या नावाला शोभंल."

ती हसत म्हणाली, पण पोपटरावांना ते लागलं. त्यांनी जिन्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि मनाशी ठरवलं, की पोपट, बाकी सगळं मसणात जाऊ दे, पण हे एक काम पुरं झालंच पाहिजे. मरताना एक तरी गोष्ट 'झाली' म्हणून सांगता आली पाहिजे.

भाद्रपदातल्या पहिल्या शनिवारी ते टेकडी चढले. चढ उभा होता, छाती भरून आली. माथ्यावर पोचून बघतात तर दगड होता, अगदी नेमक्या जागी, गुडघाभर उंच. आणि नखशिखांत शेंदरानं माखलेला. वर चांदीचे डोळे बसवलेले. शेंदूर असा एकावर एक चढलेला की खूण तर सोडाच, दगडाला कोपरे होते का नाही तेही समजत नव्हतं. शेजारी एक पंच्याहत्तरीची म्हातारी तेलाची बाटली घेऊन बसली होती. ही दगडाबाई. या दगडाला लोक निशाणोबा म्हणत, आणि त्याची पूजा तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

दगडाबाईनं पोपटरावांच्या हातातला फोन बघितला, डोळे बारीक केले आणि पहिलाच प्रश्न टाकला. "कुठला रं तू? मोजणीचा हायेस का?"

पोपटरावांच्या डोळ्यांसमोर काठ्या उभ्या राहिल्या. "न्हाई न्हाई मावशी," ते घाईघाईनं म्हणाले, "देवाला आलोय."

"आसं व्हय?" म्हातारीचा चेहरा जरासा पडल्यासारखा वाटला, पण पोपटराव आपल्याच घाबरगुंडीत होते. "मग नवस हाय का काय?"

"व्हय."

"कशापायी?"

आता काय सांगावं? पोपटरावांच्या तोंडात जे आलं ते आलं. "साखर हाय मावशी. रक्तात."

"मग आसं कर," म्हातारी म्हणाली, "दर शनवारी यायचं, आन् सव्वा वाटी शेंदूर सोताच्या हातानं लावायचा. उतरतीय बघ."

आणि तिनं तिथल्या तिथं त्यांच्या हातात शेंदराची वाटी दिली. पोपटराव आले होते खूण उघडी करायला आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर आणखी एक थर चढवला!

यातून वाट कशी काढावी, हे त्यांना कळेना. फोटोशिवाय नोंद होत नव्हती आणि खरवडलं असतं तर निमोण्यानं त्यांनाच खरवडलं असतं. एक दिवस त्यांनी आडून विचारून घेतलं, "मावशी, हा शेंदूर कवा निघतो का?"

"निघतो की. लई जड झाला की देव आपलं आपण कवच टाकतो. माझ्या लग्नाला पंचावन्न सालं झाली, दोनदा टाकलंय."

"आता परत कवा टाकंल?"

"त्येच्या मनात यील तवा."

पंचावन्न वर्षांत दोनदा! पोपटरावांनी मनातल्या मनात हिशोब घातला तर पुढचं कवच पडेतो त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढं निघालं. तरी ते जात राहिले, कारण कवच पडेल त्या दिवशी तिथं असणं एवढा एकच मार्ग होता. दर शनिवारी निमोणं, दर शनिवारी टेकडी, दर शनिवारी सव्वा वाटी. ते शेंदूर पातळ लावून बघायचे, तर म्हातारी डाफरायची, "हात आखडता घिऊ नगंस, देव बघतोय!" ते माथ्यावर अंगठा दाबून खाली खड्डा लागतोय का ते चाचपायचे, तर ती म्हणायची, "बघ रं देवा, किती मायेनं लावतोय!"

दिवाळीनंतर रक्त तपासलं तर साखर निघाली एकशे बेचाळीस. पोपटरावांना इतका आनंद झाला की पुढच्या शनिवारी त्यांनी तो कागद दगडाबाईला दाखवला. इथं चुकलं. आनंद झाला होता, घरी सांगायचा. देवळात कशाला सांगायचा?

आठवड्याभरात निमोण्यात झालं, की निशाणोबा साखर उतरवतो.

सगळ्यात आधी आले जयसिंगअण्णा. अण्णा गावचे माजी सरपंच, वजन एकशे दहा किलो, साखर साडेतीनशे. सरपंच असताना ग्रामसभेत कधी वेळेवर पोचले नाहीत, पण देवासाठी टेकडी चढले. पहिल्या दिवशी सात वेळा बसले आणि दोन वेळा बायको-पोरांना निरवानिरवीचं सांगून झालं. दुसऱ्या शनिवारी पाच वेळा बसले. दोन महिन्यांत अण्णांची साखर दोनशेच्या खाली आली आणि पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली. मग काय विचारता! न्हावऱ्याचे आले, शिरूरचे आले, दौंडहून जीप भरून आल्या. सगळे धापा टाकत चढायचे, सगळ्यांची साखर उतरायची, आणि सगळे निशाणोबाला हात जोडायचे. पेढे चालेनात म्हणून प्रसादाला फुटाणे आले. एका बाईनं देवाला कारल्याच्या भाजीचा नैवेद्य दाखवला. आणि प्रत्येक जण सव्वा वाटी शेंदूर लावायचा.

पोपटरावांच्या डोळ्यांदेखत तो दगड शनिवारागणिक फुगत चालला होता. एकदा राहवेना, तेव्हा ते गर्दीसमोर बोललेच. "अहो, शेंदराचं काय न्हाई त्यात! साखर चढण्यानं उतरती. नुसतं चढा आन् उतरा."

"वा पोपटराव!" अण्णा म्हणाले. "तुमची उतरली, आता आमच्या टायमाला शेंदूर नगं?"

माघात एका मंगळवारी त्यांच्या मनात पाप आलं. भर दुपारी, टेकडीवर चिटपाखरू नसताना, ते पिशवीत खुरपं घेऊन चढले. दगडासमोर बसले. एक कोपरा, नुसता चार बोटांचा कोपरा खरवडला तर कुणाला काय समजणार होतं? खुरपं शेंदराला टेकवलं आणि परत उचललं. देवाची भीती म्हणावी तर तसं नव्हतं; हा देव नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती म्हातारी पंचावन्न वर्षं तेलाची बाटली घेऊन हा डोंगर चढत होती, आणि आपण तिच्या पाठीमागं खुरपं घेऊन आलोय, याची त्यांना मनापासून लाज वाटली. तेवढ्यात खालून धापा ऐकू आल्या. अण्णा! मंगळवारीसुद्धा! पोपटरावांनी झटक्यात खुरपं फिरवलं आणि दगडाभोवतीचं गवत काढायला सुरुवात केली.

अण्णांनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "भर उन्हात, कुणाला न सांगता देवाची सेवा!" त्याच आठवड्यात निशाणोबा सेवा समिती निघाली आणि पोपटराव एकमतानं अध्यक्ष झाले.

"कसले अध्यक्ष?" सवितानं विचारलं.

"ज्या दगडाची खूण मला बघायचीय, त्याच्यावर शेंदूर लावणाऱ्या समितीचा," पोपटराव म्हणाले. सविता इतकी हसली की निवडलेला झेंडू परत सांडला.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी झेंडूला चांगला चढा भाव असतो. तळेगावच्या बाजारात पोपटरावांचे बारा क्रेट लावलेले, गिऱ्हाईक अंगावर पडत होतं, आणि अकराच्या सुमाराला अण्णांचा फोन आला.

"पोपटराव, असाल तसं या. देवानं कवच टाकलं!"

पंधरा-वीस वर्षांचा शेंदूर गावानं चार-पाच महिन्यांत चढवला होता, त्यात फाल्गुनाचं ऊन. सकाळी दगडाबाईनं तेल घातलं, आणि सगळं कवच तडकून दगडाच्या पायाशी आलं.

पोपटराव उभे राहिले. "सविता, मला जायला पायजे."

"आज? ह्या गर्दीत?" सविता ओरडली. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्या तोंडावर असलं काही तिनं बघितलं नव्हतं. तिनं क्रेट शेजारच्या भाजीवालीच्या हवाली केले, पदर खोचला आणि मोटारसायकलवर मागं बसली. "चला. काय हाय तरी काय त्या दगडात, बघतेच."

टेकडीवर शे-दोनशे माणूस होतं. सविता चढून चढून लालबुंद झालेली, आणि पोपटराव तिच्या कितीतरी पुढं. माथ्यावर येऊन बघतात तर दगडाच्या चारी बाजूंनी पांढऱ्या चादरी धरलेल्या. कवच पडलं की नवा शेंदूर लागेपर्यंत देव कुणी बघायचा नाही, फक्त पुजाऱ्यानं आत जायचं, ही तिथली रीत. चादरीच्या आत दगडाबाई एकटी होती आणि शेंदूर कालवल्याचा आवाज येत होता.

सात महिने! आणि आता मधे एक चादर, आणि पलीकडं म्हातारी पुन्हा सगळं लिंपून टाकायला निघालेली. अध्यक्षपण, समिती, काठ्या, पोपटरावांना कशाचीच शुद्ध राहिली नाही.

"मावशी!" ते ओरडले. "थांब! मी खोटं बोललो तुझ्याशी!"

सगळ्या टेकडीच्या माना वळल्या.

"मी नवसाला आलोच नव्हतो. मी ह्या दगडाला आलो होतो. हा मोजणीचा दगड हाय. त्येच्या डोक्यावर एक खूण हाय, ती मला बघायची हाय. तेवीस दगड बघून झाले, एवढा एकच राहिलाय. माझं जन्मात कायबी पुरं झालं न्हाई मावशी, एवढं एक होऊ दे."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "मोजणीचा?" "म्हंजी देव न्हाई?" अण्णा तर मटकन खालीच बसले. दोघा-तिघांनी बाह्या मागं सारल्या, तशी सविता नवऱ्याच्या पुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून बघा कुणी!"

चादर बाजूला झाली. दगडाबाईनं डोकं बाहेर काढलं. आधी तिनं अण्णांकडं बघितलं. "तुजी साखर उतरली का न्हाई?"

"उतरली की."

"मग गप चढत जा." मग ती पोपटरावांना म्हणाली, "तू आत ये."

आत काळाभोर दगड होता, तेलानं चमकणारा. त्याच्या डोक्यावर वर्तुळ होतं आणि मधोमध टिंब. काल कोरल्यासारखं स्वच्छ! तेवीस दगडांत इतकी नीट खूण पोपटरावांनी बघितली नव्हती. त्यांनी बोट त्या खाचेतनं गोल फिरवलं आणि त्यांना रडू आलं.

"हेच बघाया आलावतास?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

"मग मुडद्या, पैल्याच दिशी इचारलं तवा मोजणीचा न्हाई म्हणून कशाला सांगितलंस?"

"मावशी, तुला ठाव हाय हा मोजणीचा दगड हाय ते?"

"मला ठाव नसंल तर कुणाला आसंल? माझ्या आजेसासऱ्याच्या बापाला पाटलानं सांगितलं व्हतं, ह्यो सरकारी दगड हाय, ह्येची राखण करायची, साहेब बघाया यील. पैलं वर्साला एक माणूस यायचा. बघायचा आन् कागुद लिहून द्यायचा, दगड शाबूत म्हणून. मग यायचा बंद झाला. पर आमाला राखण सोडा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

"मग शेंदूर कशाला लावला?"

"त्या बिगर दगड ऱ्हातोय व्हय? लोक उंबऱ्याला न्हेत्यात, गोठ्याला न्हेत्यात. शेंदूर लावला की कुणी हात लावत न्हाई." म्हातारीनं पदरानं दगडावरचं तेल पुसलं. "सासू म्हणायची, येत्याल, बघाया येत्याल. ती गेली वाट बघून. मी बी पंचावन्न सालं बघतीया. तू आलास तवा हातात ती मशीन बघून मला वाटलं, आला बया एकदाचा! तर तू म्हणतोस, देवाला आलोय."

पोपटराव म्हणाले, "मावशी, मी सरकारी न्हाई. मी झेंडू लावतो."

"तू डोळ्यांनी बघितलास ना?"

"बघितला."

"मग लिहून दे."

तिनं शेंदराच्या पुडीचा कागद झटकून त्यांच्या पुढं धरला. पोपटरावांनी खिशातलं पेन काढलं, दगडाशेजारी मांडी घातली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं. "टेकडीवरचा दगड आज पाहिला. दगड जागेवर आहे. खूण शाबूत आहे. राखण चांगली ठेवली आहे. पोपटराव भुजबळ, तळेगाव ढमढेरे." खाली तारीख घातली.

"वाच," म्हातारी म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"राखणीचं पुन्यांदा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं. बाहेर चादरी धरलेले लोक कान देऊन ऐकत होते. दगडाबाईनं कागदाची चार पदरी घडी केली, कपाळाला लावली, बटव्यात घातली आणि बटव्याची नाडी दोनदा ओढली. मग शेंदराची वाटी पोपटरावांच्या हातात दिली. "लाव आता. उगंच उघडा नगं."

पोपटरावांनी दोन्ही हातांनी शेंदूर लावला. या वेळी म्हातारीला हात आखडल्याची तक्रार करावी लागली नाही. चादरी सुटल्या, अण्णांनी उठून आरोळी ठोकली आणि फुटाणे वाटायला सुरुवात झाली.

उतरताना सविता पुढं होती. निम्मी टेकडी उतरल्यावर ती थांबली आणि मागं वळून म्हणाली, "अहो, फोटू काढला का?"

पोपटराव जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी खिसा चाचपला. फोन खिशातच होता, सकाळपासून एकदाही बाहेर निघाला नव्हता. त्यांनी वर बघितलं, तर माथ्यावर माणसांची रांग लागली होती आणि वाट्यांवर वाट्या चढत होत्या. ते मटकन एका धोंड्यावर बसले. शेंदरानं भरलेले हात मांडीवर तसेच राहिले, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की सविता दहा पावलं परत वर चढून आली.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. एकोणतीस वर्षांची सगळी बोलणी तिच्या जिभेवर आली असणार, टाकी, जिना, पेटी, सगळी. तिनं त्यातलं एकही काढलं नाही. पदराच्या टोकानं तिनं त्यांची बोटं एकेक करून पुसायला घेतली.

"मी चादरीला कान लावून उभी होते," ती म्हणाली. "दोनदा वाचलं ना तुम्ही? दगड जागेवर हाय, खूण शाबूत हाय. त्या मोबाईलला काय कळतंय? चोवीस झाले. चला आता, झेंडू वाळतोय."